लंडन किती लांब?

मुलांना परदेशी पाठविताना मालेगावातील आईबाप आम्हांस हमखास विचारतात, “फादर, लंडन किती लांब?” मैल सांगून त्यांचे समाधान होत नाही. अडीअडचणीला लेकरू किती वेळात घरी पोहोचेल, एवढेच त्यांना जाणून घ्यायचे असते.

इतिहासाने या प्रश्नाचे उत्तर वारंवार बदलले आहे. शिडाची जहाजे आफ्रिकेला वळसा घालीत, तेव्हा लंडनहून मुंबईस यावयास चार ते सहा महिने लागत. १८६९ साली सुएझ कालवा खुला झाला आणि पुढे आगबोटीचा प्रवास सुमारे तीन आठवड्यांवर आला. १८७० पासून समुद्राखालील तारेने बातमी तासांत पोहोचू लागली; माणूस मात्र मागेच राहिला. आईच्या निधनाची तार हाती पडे, परंतु मातीला येणे अशक्यच.

८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ विमान कैरो व जिनिव्हामार्गे लंडनला निघाले आणि आठवड्यांचा हिशेब तासांवर आला. आज मुंबई-लंडन हे सुमारे ७,२०० किलोमीटरचे हवाई अंतर नऊ-दहा तासांत सरते. मुंबईहून मालेगाव पावणेतीनशे किलोमीटर; पण आग्रा रस्त्याने त्यालाच पाच-सहा तास लागतात!

म्हणून आम्ही सांगतो, “लंडन एका दिवसाच्या वाटेवर आहे.” पूर्वी अंतर आडवे येई, आता ती सबब उरलेली नाही.