दमा आणि व्यायाम : धावताना श्वास कसा सांभाळावा?

दमा असलेल्या माणसाने धावू नये, खेळू नये, जड काम करू नये, असा समज आपल्या समाजात दीर्घकाळ रूढ आहे. शाळेतील खेळाच्या तासाला मुलांना कडेला बसविले जाते आणि तरुणांना मैदानापासून दूर ठेवले जाते. वैद्यकशास्त्राचे मत मात्र नेमके उलट आहे. दमा औषधोपचाराने आटोक्यात असेल तर नियमित व्यायाम करता येतो. इतकेच नव्हे, तर त्यामुळे दम टिकण्याची क्षमता वाढते. इंग्लंडची धावपटू पॉला रॅडक्लिफ हिला दमा होता, तरीही २००३ मध्ये लंडन येथे तिने २ तास १५ मिनिटे २५ सेकंदांत मॅरेथॉन पूर्ण करून जागतिक विक्रम नोंदविला. प्रश्न व्यायाम करावा की नाही हा नसून तो कोणत्या वेळी, कोणत्या ठिकाणी आणि श्वासाची कोणती पद्धत ठेवून करावा, हा आहे.

यवतमाळ जिल्ह्यात हा प्रश्न केवळ छंदाचा नाही. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर, तर मुलींना ८०० मीटर धावावे लागते. त्यासाठी गावोगावचे शेकडो तरुण-तरुणी पहाटे रस्त्यावर उतरतात. त्यांपैकी ज्यांना दमा आहे, त्यांच्या दृष्टीने छातीतील घरघर म्हणजे नोकरीची संधी हुकण्याची भीती असते. या भीतीपोटी आजार लपवून सराव करण्याकडे कल होतो आणि तेच अधिक धोक्याचे ठरते.

धावताना दम का लागतो?

विश्रांतीच्या अवस्थेत आपण मिनिटाला साधारणपणे पाच ते सहा लिटर हवा आत घेतो. जोराने धावताना हेच प्रमाण दहापटीहून अधिक वाढते. एवढी हवा नाकावाटे घेणे शक्य नसल्याने तोंड उघडते. नाक हवेला ऊब व ओलावा देते आणि धूळ अडविते. तोंडावाटे मात्र थंड, कोरडी हवा थेट श्वासनलिकांत शिरते. नलिकांचे आतील अस्तर कोरडे पडते, दाह निर्माण करणारी रसायने स्रवतात आणि नलिकांभोवतीचे स्नायू आवळले जातात. हा त्रास बहुधा व्यायाम थांबविल्यानंतर पाच ते दहा मिनिटांत सर्वाधिक जाणवतो आणि अर्ध्या ते एका तासात ओसरतो. त्यामुळे 'धावताना ठीक होतो, थांबल्यावर खोकला सुटला' ही तक्रार दुर्लक्षिण्याजोगी नाही.

दम्यात खरी अडचण श्वास आत घेण्यापेक्षा बाहेर टाकण्याची असते. घाबरलेला रुग्ण भराभर श्वास घेतो. आधीची हवा पुरती बाहेर पडलेली नसताना नवी हवा आत येते आणि छाती फुगल्यासारखी, जखडल्यासारखी वाटते. म्हणूनच पुढील सर्व पद्धतींचे सूत्र एकच आहे : उच्छ्वास लांबवा.

श्वासाच्या उपयुक्त पद्धती

१. पोटाने श्वास : उताणे झोपून एक हात छातीवर व दुसरा पोटावर ठेवावा. श्वास घेताना पोटावरचा हात वर यावा, छातीवरचा शक्यतो स्थिर राहावा. श्वासपटलाचा असा वापर प्रथम झोपून, नंतर बसून आणि शेवटी चालताना साधावा. रोज दहा मिनिटांचा सराव पुरेसा आहे.

२. ओठ आवळून उच्छ्वास : नाकाने श्वास घ्यावा आणि गरम चहावर हळूच फुंकर घालावी तसा ओठांच्या फटीतून सावकाश सोडावा. उच्छ्वासाचा काळ श्वासाच्या दुप्पट असावा. दम लागल्यावर थांबून, हात गुडघ्यांवर टेकवून, किंचित पुढे वाकून ही क्रिया केल्यास आराम पडतो.

३. पावलांशी मेळ : सावकाश धावताना दोन पावलांत श्वास घ्यावा आणि तीन किंवा चार पावलांत सोडावा. गती वाढली की हे गणित मोडते; ते मोडले की गती कमी करावी. सोबत्याशी छोटी वाक्ये बोलता येत असतील तर वेग योग्य आहे, असे समजावे.

४. नाकाने श्वास : चालताना आणि हलक्या धावण्यात शक्य तितका वेळ तोंड मिटलेले ठेवावे. थंडीत नाकातोंडावरून दुपट्टा किंवा रुमाल सैलसर गुंडाळल्यास हवा थोडी उबदार व ओलसर होते.

प्राणायामाचे काय?

योगक्रियांच्या शास्त्रीय अभ्यासाची परंपरा महाराष्ट्रातच रुजली. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळा येथे कैवल्यधामची स्थापना केली. पुढे दम्यावरील योगाच्या परिणामांचे नियंत्रित अभ्यासही झाले. श्वसनाच्या व्यायामांनी रुग्णाचे दैनंदिन जीवन सुसह्य होते, असे आजवरच्या अभ्यासांतून दिसते. मात्र फुप्फुसांची मोजलेली क्षमता त्यामुळे फारशी बदलत नाही. म्हणजेच हे व्यायाम औषधाला पूरक आहेत, पर्याय नव्हेत. भ्रामरीसारखा लांब उच्छ्वासाचा प्रकार बहुतेकांना मानवतो. कपालभाती व भस्त्रिका यांतील वेगवान श्वासाने काहींचा त्रास बळावतो. छातीत घरघर असताना ते करू नयेत.

स्थळ-काळाचे भान

डिसेंबर-जानेवारीत पहाटेची हवा थंड व कोरडी असते. त्याच काळात कापसाचा हंगाम भरात असतो. जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांच्या परिसरात कापसाचे सूक्ष्म तंतू व धूळ उडते. अनेक घरांत तर राहत्या खोलीतच कापूस साठविलेला असतो. पुढे शेतात पऱ्हाटी जाळल्याचा धूर पसरतो. वणी परिसरात कोळशाच्या वाहतुकीची धूळ असते, तर पावसाळ्यात गाजरगवताचे पराग. २०१७ मध्ये याच जिल्ह्यात कीटकनाशक फवारणीतून विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजुरांचा बळी गेला होता. फवारणी सुरू असलेल्या शेतालगत दीर्घ श्वास घेत धावणे कोणीही टाळावे. दमा असलेल्यांनी तर कटाक्षाने टाळावे.

हिवाळ्यात सराव ऊन वर आल्यावर किंवा सायंकाळी धूर नसताना करावा. ट्रक धावणाऱ्या रस्त्यापेक्षा शाळेचे मैदान बरे. खूपच थंडी किंवा धूर असल्यास त्या दिवशी घरातच व्यायाम करावा.

औषध आणि पूर्वतयारी

धावण्यापूर्वी दहा ते पंधरा मिनिटे चालणे, हलके धावणे आणि मधूनमधून छोटी वेगवान धाव, असा क्रम ठेवावा. अशा तयारीनंतर अनेकांच्या श्वासनलिका काही काळ कमी आवळतात. शेवटीही एकदम न थांबता दहा मिनिटे चालावे.

इनहेलरची सवय लागते, ही समजूत निराधार आहे. त्यातील औषध अल्प मात्रेत थेट श्वासनलिकांत पोहोचते. डॉक्टरांनी सांगितले असल्यास ते व्यायामापूर्वी घ्यावे आणि मैदानावर खिशात ठेवावे. तथापि, केवळ तात्पुरता आराम देणाऱ्या औषधावर विसंबणे धोक्याचे आहे. दम्याविषयीच्या 'जिना' या जागतिक मार्गदर्शक सूचनांनी २०१९ पासून प्रौढ व किशोरवयीन रुग्णांसाठी दाह कमी करणाऱ्या औषधाचा आग्रह धरला आहे. प्रत्येक धावेला इनहेलर लागत असेल, तर दमा आटोक्यात नाही असे समजून डॉक्टरांना भेटावे. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात तपासणी करून घेता येते.

वाक्य पूर्ण बोलता न येणे, ओठ निळसर पडणे, बरगड्यांमधील त्वचा आत ओढली जाणे किंवा इनहेलरनंतरही आराम न पडणे ही धोक्याची चिन्हे होत. अशा वेळी श्वासाचे कोणतेही तंत्र करीत बसू नये. रुग्णाला आडवे न करता बसवावे, डॉक्टरांनी ठरवून दिल्याप्रमाणे इनहेलर द्यावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

प्रशिक्षक, क्रीडाशिक्षक आणि सरावातील सोबत्यांना आपला दमा व इनहेलरची जागा ठाऊक असावी. त्यात लाज वाटण्याजोगे काहीच नाही.