दीड तासाचं विमान आणि आपलं अड्याळ

परवा चौकातल्या पानठेल्यावर वाद रंगला होता. एक पोरगा म्हणे, "नागपूर-मुंबई विमानानं फक्त दीड तास!" बाजूचे काका म्हणाले, "बापू, पण अड्याळहून सोनेगावले जायले किती लागते, ते सांग ना!"

काकांचा प्रश्न जुनाच आहे. त्यासाठी थोडा इतिहास पाहू.

नकाशावर नागपूरहून सरळ रेघ ओढा. मुंबई साधारण ६८५ किलोमीटर, दिल्ली ८५०, मद्रास ९००, कलकत्ता ९७५ च्या आसपास. चारही महानगरांच्या मधोमध आपलं नागपूर. हेच हेरून रफी अहमद किडवाई दळणवळण मंत्री असताना जानेवारी १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. चार शहरांतून रोज रात्री एकेक विमान निघायचं आणि मध्यरात्रीनंतर सोनेगावला उतरायचं. तिथे टपालाच्या थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि विमानं पहाटेपर्यंत आपापल्या शहरी परत. तेव्हाच्या डकोटाला मुंबईहून यायला अडीच-तीन तास लागत. पण संध्याकाळी मुंबईत टाकलेलं पत्र सकाळी कलकत्त्यात पोचायचं!

हे सगळं सोपं नव्हतं. १२ डिसेंबर १९५३ च्या रात्री मद्रासकडे निघालेलं टपाल विमान सोनेगावहून उडताच कोसळलं आणि माणसं गेली. तरीही सेवा थांबली नाही, १९७० च्या दशकापर्यंत चालली.

आता अड्याळचं बघा. मुंबईचं पत्र एका रात्रीत नागपूरला यायचं. पुढचा रस्ता मात्र जमिनीवरचाच. रेल्वे म्हणाल तर वरठीचं भंडारा रोड स्टेशन, आणि तिथून गाव गाठायचं. ६८५ किलोमीटर आभाळातून झटक्यात, अन् शेवटचे थोडे किलोमीटर सावकाश.

आज तरी काय बदललं? आपल्या बाजूला गोंदियाचं बिरसी विमानतळ आहे, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी बांधलेलं. मार्च २०२२ मध्ये तिथून प्रवासी विमान सुरू झालं आणि काही महिन्यांतच बंद पडलं. १ डिसेंबर २०२३ पासून पुन्हा हैदराबाद-तिरुपतीची सेवा सुरू झाली. हैदराबाद तिथून सरळ रेघेत पाचशेच्या थोडं वर. पण अड्याळहून बिरसी शंभर किलोमीटरच्याही पुढे! सोनेगावला जायचं तर आधी एसटीनं भंडारा, मग नागपूर, मग ऑटो. त्यात सामान आणि म्हातारे आईवडील सोबत असले, तर विमानातल्या दीड तासापेक्षा हाच प्रवास मोठा.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. विमानतळाची मागणी जरूर करा, पण वेळ धावपट्टीवरून मोजू नका, घराच्या उंबरठ्यापासून मोजा. अड्याळहून सकाळी वेळेवर सुटणारी आणि थेट नागपूरला जाणारी एसटी ही सुद्धा विमानसेवेचाच भाग आहे.

गावातल्या जुन्या माणसांना त्या काळच्या टपालाच्या आठवणी असतील, तर खाली नक्की लिहा. आणि हो, तुम्हाला घरापासून विमानतळापर्यंत किती तास लागले, तेही सांगा.