स्तनाच्या कर्करोगातील संप्रेरक ग्राही व संप्रेरक उपचार

संप्रेरक ग्राही ही पेशींमधील विशिष्ट प्रथिने होत. इस्ट्रोजेन किंवा प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांशी त्यांचा संयोग झाला की पेशीकेंद्रकातील ठरावीक जनुके कार्यान्वित होतात आणि पेशीविभाजनास चालना मिळते. स्तनाच्या निरोगी पेशींत हे ग्राही असतातच. कर्करोग झालेल्या पेशींतही ते पुष्कळदा टिकून राहतात. अशा गाठीस संप्रेरक-ग्राही सकारात्मक म्हणतात. तिची वाढ रोखण्यासाठी इस्ट्रोजेनचा पुरवठा किंवा प्रभाव थांबवणे म्हणजे संप्रेरक उपचार. या नावामुळे रुग्णाला संप्रेरके दिली जातात असा समज होतो. प्रत्यक्षात उपचार नेमका उलटा आहे.

इतिहास

ग्लासगो येथील शल्यचिकित्सक जॉर्ज बीटसन यांनी १८९६ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात स्तनाचा कर्करोग बळावलेल्या स्त्रियांची अंडाशये काढल्यानंतर गाठी आकसल्याचे नोंदवले. व्यालेल्या गाईची अंडाशये काढल्यास ती अधिक काळ दूध देते, या पशुपालकांच्या अनुभवावरून अंडाशय व स्तन यांतील संबंध त्यांच्या ध्यानात आला होता. इस्ट्रोजेन तेव्हा अज्ञात होते. हा उपाय काही जणींनाच का लागू पडतो याचे उत्तर पुढे शिकागो विद्यापीठातील एल्वुड जेन्सन यांच्या संशोधनातून मिळाले. किरणोत्सारी इस्ट्रोजेनचा माग काढून त्यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस ग्राहींचे अस्तित्व दाखवले.

टॅमॉक्सिफेन हे औषध ब्रिटनमधील आयसीआय कंपनीत डोरा रिचर्डसन यांनी १९६२ मध्ये तयार केले. गर्भनिरोधक म्हणून चाललेल्या शोधातून ते निघाले. त्या कामी ते निरुपयोगी ठरले, पण कर्करोगावर उपयोगी पडले. अमेरिकेत १९७७ मध्ये त्यास मान्यता मिळाली.

ग्राहींची चाचणी

गाठीचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये मुरवून मेणाच्या ठोकळ्यात बसवतात. त्याच्या पातळ कापांवर ग्राहींना चिकटणारी प्रतिपिंडे सोडली की ग्राही असलेली पेशीकेंद्रके तपकिरी दिसतात. या पद्धतीस इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री म्हणतात. अहवालात ‘ईआर’ म्हणजे इस्ट्रोजेन ग्राही आणि ‘पीआर’ म्हणजे प्रोजेस्टेरॉन ग्राही. रंगलेल्या पेशी १ टक्का किंवा अधिक असल्यास गाठ सकारात्मक धरावी, असा निकष २०१० च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांनी घातला. त्याआधी अनेक प्रयोगशाळा १० टक्क्यांची मर्यादा मानत. १ ते १० टक्क्यांच्या गाठींना २०२० पासून ‘अल्प सकारात्मक’ असा वेगळा शेरा देतात, कारण त्यांना उपचाराचा लाभ किती होतो याचा पुरावा तोकडा आहे.

चाचणीचे यश सूक्ष्मदर्शकाच्या बरेच आधी ठरते. रक्तपुरवठा तुटलेल्या ऊतीतील प्रथिने लवकर बिघडू लागतात. म्हणून तुकडा तासाभराच्या आत फॉर्मॅलिनमध्ये पडला पाहिजे आणि त्यात किमान ६ व कमाल ७२ तास राहिला पाहिजे. काढलेला संपूर्ण स्तन तसाच बरणीत ठेवल्यास द्रावण आतपर्यंत वेळेत झिरपत नाही. तो चिरून, ऊतीच्या अनेक पट फॉर्मॅलिनमध्ये ठेवावा लागतो. हे न झाल्यास ग्राही असूनही अहवाल नकारात्मक येऊ शकतो. सुईने घेतलेला बारीक तुकडा लगेच मुरतो, म्हणून शस्त्रक्रियेपूर्वीच्या सुई-बायोप्सीवर केलेली चाचणी सहसा अधिक भरवशाची असते. त्याच कापातील निरोगी दुग्धनलिका रंगल्या आहेत का, हेही पाहावे लागते. त्याही कोऱ्या राहिल्या असतील, तर चाचणी नकारात्मक नव्हे, अयशस्वी मानून पुन्हा करावयाची असते. मेणाचे ठोकळे वर्षानुवर्षे टिकत असल्याने ते दुसऱ्या प्रयोगशाळेत नेऊन फेरतपासणीही करता येते.

महाराष्ट्रातील स्थिती

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील विकृतिशास्त्रज्ञांनी २००० मध्ये ७९८ गाठींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात इस्ट्रोजेन ग्राही ३२.६ टक्के, तर प्रोजेस्टेरॉन ग्राही ४६.१ टक्के गाठींत आढळले. पाश्चात्त्य देशांत साधारण ७० ते ८० टक्के गाठी सकारात्मक असतात. भारतीय रुग्ण सरासरीने वयाने लहान असतात आणि तरुण वयात नकारात्मक गाठींचे प्रमाण जास्त असते. तफावतीचा काही भाग त्यामुळे असणार. मात्र पीआर हे प्रथिन बहुधा ईआरच्याच प्रेरणेने तयार होते, त्यामुळे पीआरचे प्रमाण ईआरपेक्षा अधिक निघणे चमत्कारिक आहे. अशा आकड्यांवरून चाचणीच्या संवेदनशीलतेविषयी शंका येते. त्याच रुग्णालयाच्या २००९ मधील मोठ्या अभ्यासात निम्म्याहून अधिक गाठी सकारात्मक निघाल्या.

सांगली जिल्ह्यातील पलूससारख्या तालुक्यात या प्रश्नाला अंतराची जोड मिळते. १८९४ मध्ये सुरू झालेल्या वॉनलेस रुग्णालयापासून मिरज हे या परिसराचे वैद्यकीय केंद्र राहिले आहे; १९६२ पासून तेथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. शस्त्रक्रिया एका गावी आणि तपासणी दुसऱ्या शहरी होत असेल, तर तुकडा बरणीत केव्हा घातला याची वेळ सोबतच्या कागदावर लिहिणे हा नुसता उपचार राहत नाही. चुकीच्या नकारात्मक अहवालाची किंमत मोठी आहे: रुग्णाच्या वाट्याला केमोथेरपीचा सारा त्रास येतो आणि तिला उपयोगी पडणारी स्वस्त गोळी मात्र कधीच लिहून दिली जात नाही.

उपचार

टॅमॉक्सिफेन स्तनपेशींतील ग्राही अडवते. ग्राही सकारात्मक असल्यास ५ वर्षे घेतलेल्या या गोळीने पहिल्या ५ वर्षांत रोग उलटण्याचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर येते आणि १५ वर्षांतील स्तन कर्करोगाचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटतात. नकारात्मक गाठीत तिचा लाभ नाही. धोका अधिक असल्यास ती १० वर्षांपर्यंत देतात. ती रजोनिवृत्तीच्या आधी व नंतरही चालते. हाडांत व गर्भाशयात मात्र तिचे कार्य इस्ट्रोजेनसारखे असते. त्यामुळे रजोनिवृत्तीनंतर हाडे टिकतात, पण गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग आणि शिरांत रक्ताच्या गुठळ्या यांचा धोका थोडा वाढतो. पाळी गेल्यानंतर पुन्हा रक्तस्राव झाल्यास तत्काळ तपासणी आवश्यक ठरते. उपचारकाळात गर्भधारणा टाळावी लागते.

रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन मुख्यतः मेदऊतीत अॅरोमॅटेज या विकराद्वारे बनते. लेट्रोझोल, अॅनास्ट्रोझोल व एक्झेमेस्टेन ही औषधे ते रोखतात. अंडाशये कार्यरत असताना ती एकटी दिल्यास उपयोग होत नाही. त्यांमुळे सांधे दुखतात व हाडे विरळ होतात. तरुण स्त्रियांत गोसेरेलिनसारख्या इंजेक्शनांनी किंवा शस्त्रक्रियेने अंडाशयांचे कार्य थांबवता येते. बीटसन यांचा उपाय त्या अर्थाने कालबाह्य झालेला नाही: व्हिएतनाम व चीनमधील ७०९ स्त्रियांच्या चाचणीत अंडाशये काढून टॅमॉक्सिफेन दिल्याने जगण्याचे प्रमाण सुधारले, आणि तेही अल्प खर्चात.

प्रोजेस्टेरॉनविषयी टाटा स्मारक रुग्णालयात राजेंद्र बडवे व सहकाऱ्यांनी केलेली चाचणी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. शस्त्रक्रियेच्या ५ ते १४ दिवस आधी हायड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉनचे एकच इंजेक्शन दिल्याने एकूण रुग्णांत लक्षणीय फरक पडला नाही. काखेतील गाठींपर्यंत रोग पोहोचलेल्या गटात मात्र ५ वर्षे रोगमुक्त राहण्याचे प्रमाण ५४.७ वरून ६५.३ टक्क्यांवर गेले. हा निष्कर्ष एका उपगटापुरता असल्याने तो सर्वमान्य उपचार झालेला नाही.

टॅमॉक्सिफेन भारताच्या राष्ट्रीय आवश्यक औषध सूचीत आहे. गोळी रोजची आणि वर्षानुवर्षांची असते. दुखणे जाणवेनासे झाल्यावर, किंवा अंगातून वाफा व सांधेदुखी असह्य झाल्यावर, अनेक स्त्रिया ती मध्येच सोडतात. अशांमध्ये रोग उलटण्याचे प्रमाण वाढते. संप्रेरक-ग्राही सकारात्मक कर्करोग ५ वर्षांनंतर, क्वचित २० वर्षांनंतरही उलटू शकतो.