मनाई झालेला नाताळ

नाताळ म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर बर्फ, मेणबत्त्यांनी लखलखणारे झाड आणि लाल झग्यातला दाढीवाला म्हातारा उभा राहतो. शाळेत इतिहास शिकवताना मला नेहमी आढळते की, सगळे ख्रिस्ती जग अनादि काळापासून हा सण एकाच दिवशी, एकाच थाटात करीत आले आहे, अशी मुलांची समजूत असते. या सणावर खुद्द ख्रिस्ती राज्यकर्त्यांनीच बंदी घातली होती, असे सांगितले की वर्ग चक्क गप्प होतो. मास्तरच्या वाट्याला असे क्षण थोडे!

येशूच्या जन्माची तारीख बायबलात कुठेच नाही. २५ डिसेंबरचा स्पष्ट उल्लेख सापडतो तो रोममधल्या इ. स. ३५४ च्या एका पंचांगवजा ग्रंथात. इंग्लंडातल्या प्युरिटन पंथाच्या लोकांनी नेमके यावरच बोट ठेवले. जे धर्मग्रंथात नाही ते पाळायचे कशाला? शिवाय या दिवसांत लोक खातपीत, नाचत, जुगार खेळत. सोवळ्या मंडळींना ते कसे खपावे? राजा चार्ल्सशी झालेले युद्ध जिंकून सत्ता हाती आल्यावर पार्लमेंटने जून १६४७ मध्ये नाताळ, ईस्टर वगैरे सण रद्द केले. नोकरचाकरांची सुट्टी बुडू नये म्हणून प्रत्येक महिन्याचा दुसरा मंगळवार मोकळा दिला. हिशेब चोख होता. पण पुरणपोळीचा दिवस काढून घेऊन त्याबदली रजेचा अर्ज मंजूर केला, तर आपल्या घरात कोणाचे समाधान होईल?

कँटरबरी गावात त्याच वर्षीच्या २५ डिसेंबरला महापौराने फर्मान काढले की, आज बाजार भरलाच पाहिजे. ज्या थोड्या दुकानदारांनी फळ्या काढल्या, त्यांचा माल लोकांनी रस्त्यावर फेकला. दारांवर हॉलीच्या हिरव्या फांद्या लागल्या, रस्त्यांत फुटबॉल उसळू लागले आणि महापौरसाहेब धक्काबुक्कीत आडवे झाले. दंगेखोरांवर खटला भरला, तर स्थानिक पंचांनी आरोप ठेवायलाच नकार दिला. त्यातून पार्लमेंटकडे अर्ज गेला आणि अर्जातून १६४८ साली केंट परगण्याचे बंड उभे राहिले. ते मोडले गेले, माणसे मेली. सणाच्या खेळखंडोब्यासाठी एवढे रक्त! १६६० साली राजेशाही परतली आणि तिच्याबरोबर नाताळही परतला.

समुद्रापलीकडे मॅसॅच्युसेट्समध्ये याच पंथाच्या वसाहतवाल्यांनी १६५९ साली नाताळ पाळणाऱ्यास पाच शिलिंग दंड ठेवला. तो १६८१ पर्यंत टिकला. लाल झग्यातल्या म्हाताऱ्याचे जगभर पोहोचलेले रूप पुढे याच अमेरिकेत घडले, ही इतिहासाची थट्टाच म्हणायची.

खरी नवलाची गोष्ट स्कॉटलंडची. तिथल्या पार्लमेंटने १६४० साली हा सण काढून टाकला आणि त्या देशात २५ डिसेंबरची सार्वजनिक सुट्टी सुरू व्हायला १९५८ साल उजाडले. तीनशेहून अधिक वर्षे! मग स्कॉटिश माणसाने आनंद केला नाही काय? केला, पण आठवडाभर थांबून. वर्षअखेरच्या रात्रीचा त्यांचा ‘हॉगमने’ नाताळापेक्षा मोठा झाला. मध्यरात्रीनंतर उंबरठ्यातून पहिला आत येणारा माणूस उंच, काळ्या केसांचा असावा आणि त्याने हातात कोळशाचा तुकडा आणावा, म्हणजे वर्ष भरभराटीचे जाते. पायगुण या शब्दाचा अर्थ स्कॉटिश आजीबाईला वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

रशियातही असेच घडले, पण तिथे दडपणारे नास्तिक होते. तिथले चर्च जुनी कालगणना पाळते, म्हणून नाताळ ७ जानेवारीला येतो. सोव्हिएत राजवटीने तो बंद केला, झाडही पाद्र्यांचे थोतांड म्हणून हद्दपार केले. पुढे २८ डिसेंबर १९३५ रोजी ‘प्रावदा’त पॉस्तिशेव्ह या पुढाऱ्याचे पत्र आले की, मुलांना झाड परत द्या. झाड परत आले, पण नववर्षाचे म्हणून. बर्फबाबा आणि त्याची नात भेटी वाटू लागली. पॉस्तिशेव्हला मात्र स्टालिनच्या राज्यात १९३९ साली गोळी घालण्यात आली. नाताळाची सुट्टी १९९१ साली परतली, तरी मुलांचे झाड आणि भेटी अजून ३१ डिसेंबरच्याच रात्री.

आपल्याकडचा नाताळ हा शब्द पोर्तुगिजांचा, अर्थ जन्म. १७३९ साली चिमाजीअप्पांनी वसई घेतली, पोर्तुगीज गेले, पण शब्द राहिला आणि तिथल्या ख्रिस्ती घरांतला सणही राहिला. तो मोडायला कोणी गेले नाही, म्हणून त्याला दिवस बदलून लपावे लागले नाही.

तारखेवर सरकारचा हात अजून पडतोच. रशियाशी युद्ध चालू असताना युक्रेनने २०२३ साली कायदा करून नाताळाची सुट्टी ७ जानेवारीवरून २५ डिसेंबरवर आणली. शत्रूच्या पंचांगाने सण कशाला करायचा, हा त्यामागचा हिशेब. आदल्या संध्याकाळी तिथे बारा पदार्थांचे ताट मांडतात. त्यात पहिला मान ‘कुत्या’चा: शिजवलेले गहू, वाटलेली खसखस आणि मध. आता ती खीर तेरा दिवस आधी चुलीवर चढते.