निर्णय रुग्णाचा : महाड-पोलादपूरच्या वैद्यकीय इतिहासातील एक पान

सावित्रीच्या काठी वसलेल्या महाड नगरीचे नाव १९२७ च्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाने इतिहासात कायमचे कोरले गेले. सार्वजनिक पाण्यावर सर्वांचा समान हक्क, हा त्या लढ्याचा गाभा होता. स्वतःच्या देहावर कोणते उपचार व्हावेत आणि ते कोठे व्हावेत, हे कोणी ठरवावे? हा प्रश्नही पुढे याच भूमीत उभा राहिला. त्याची चर्चा मात्र त्या मानाने थोडी झाली.

डॉ. हिंमतराव बावसकर १९७६ मध्ये महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. त्या काळी लाल विंचू चावला की विष उतरविण्यासाठी मांत्रिकाकडे धाव घेतली जाई. ग्रामस्थांच्या या वागण्याला हसण्याचे कारण नाही, कारण दवाखान्यातही तेव्हा खात्रीचा इलाज नव्हता. दोन्ही वाटा सारख्याच अंधाऱ्या असतील, तर निवड ती कसली? बावसकरांनी रुग्णांच्या उशाशी बसून लक्षणांची नोंद ठेवली : अंगाला दरदरून सुटणारा घाम, ओकारी, गार पडणारे हातपाय, रक्तदाबातील चढउतार आणि शेवटी फुप्फुसांत पाणी साचून कोंडणारा श्वास. त्यांची निरीक्षणे १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ या जगन्मान्य नियतकालिकात प्रसिद्ध झाली. १९८६ मध्ये त्याच नियतकालिकातून त्यांनी प्राझोसिन या रक्तदाबावरील औषधाचा उपयोग मांडला. या संशोधनात त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी यांची मोलाची साथ लाभली.

प्राझोसिन ही तोंडाने घ्यावयाची साधी, स्वस्त गोळी होय, आणि तिचे खरे मोल येथेच आहे. कशेडी व आंबेनळी घाटांच्या कुशीतील पोलादपूरच्या वाड्यांवरील माणसाला मुंबई-पुणे गाठण्याआधी, जवळच्या केंद्रातच उपचार मिळण्याची वाट तिने खुली केली.

वाट खुली झाली तरी ती दाखविणाऱ्याचा हात निर्मळ असावा लागतो. २०१३ मध्ये एका तपासणी केंद्राकडून बावसकरांना १२०० रुपयांचा धनादेश आला. रुग्ण पाठविल्याचा तो मोबदला होता. त्यांनी तो परत केला आणि महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे तक्रार नोंदविली. रक्कम किरकोळ, परंतु रुग्णाला वाटते की वैद्याने आपल्या हितासाठी जागा सुचविली, आणि ती जागा अगोदरच ‘कट’ घेऊन ठरलेली असते! वस्तुतः अशा दलालीला वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनीच मनाई केली होती. मागणी केल्यास रुग्णाला त्याची कागदपत्रे ७२ तासांत द्यावीत, असेही तेच नियम सांगतात. दुसऱ्या वैद्याचे मत घ्यावयाचे तर हाती कागद हवेतच. कट प्रॅक्टिसला आळा घालणाऱ्या राज्य कायद्याचा मसुदा २०१७ मध्ये तयार झाला.

दरम्यान, २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पुरेशी माहिती देऊन घेतलेली संमती आवश्यक ठरविली. निदानासाठी दिलेली संमती शस्त्रक्रियेला लागू होत नाही, हेही स्पष्ट केले. महाराष्ट्राच्या २०२१ च्या शुश्रूषागृह नियमांनी रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागी लावणे बंधनकारक केले. पुढच्याच वर्षी बावसकरांना पद्मश्री लाभली.

एखाद्या वाडीवरून रात्री झोळीत घालून आणलेल्या रुग्णाचे आप्त भिंतीवरील ती सनद वाचीत थांबत नाहीत. गोळी येथे आहे की नाही, एवढेच ते आधी विचारतात.