जीर्णोद्धार की जतन? : अमेरिकन पिकअप ट्रकच्या इतिहासातील एक प्रश्न

राजांचे मुकुट, सरदारांच्या तलवारी आणि देवालयांतील मूर्ती जपल्या जातात; नांगर, मोट आणि बैलगाडी मात्र झिजून नाहीशी होतात. ज्या वस्तूंच्या आधारे बहुजन समाजाने आपला संसार चालविला, त्याच वस्तू इतिहाससाधनांत सर्वांत विरळ असाव्यात, हा सामाजिक व आर्थिक इतिहासाच्या अभ्यासकापुढील जुनाच पेच आहे. विसाव्या शतकातील अमेरिकन पिकअप ट्रक हे या पेचाचे एक बोधप्रद उदाहरण होय. पुढे लहानशी केबिन व मागे उघडा हौदा असलेले हे हलके मालवाहू वाहन कोणी जपून ठेवण्यासाठी विकत घेतले नव्हते. तरीही त्याचे अनेक जुने नमुने टिकले, आणि बेताच्या मिळकतीची माणसेही ते दुरुस्त करून रस्त्यावर आणतात. हे वाहन का टिकले, आणि त्याचा जीर्णोद्धार करताना त्यातील इतिहास टिकतो की पुसला जातो, हे दोन प्रश्न येथे विचारार्थ घेतले आहेत.

पिकअप ट्रकचा उगम केवळ कारखान्यात शोधून भागत नाही. तो शेतकऱ्याच्या अंगणातही शोधावा लागतो. फोर्ड कंपनीने १९०८ मध्ये 'मॉडेल टी' ही मोटार बाजारात आणली आणि १९१३ मध्ये हायलंड पार्क येथील कारखान्यात तिच्या जुळणीसाठी सरकत्या साखळीची पद्धत सुरू केली. स्वस्त झालेली ही मोटार खेड्यापाड्यांत पोहोचली, तेव्हा शेतकऱ्यांनी तिचा उपयोग केवळ प्रवासासाठी केला नाही. मागील चाक उचलून त्यावर पट्टा चढवावा आणि लाकूड कापण्याचे अथवा कपडे धुण्याचे यंत्र फिरवावे, मागील बैठक काढून तेथे लाकडी पेटी बसवावी व त्यातून धान्य न्यावे, असे प्रकार सर्रास चालत. रोनाल्ड क्लाइन व ट्रेव्हर पिंच या अभ्यासकांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात या व्यवहाराची चिकित्सा केली असून, यंत्राचा अर्थ ठरविण्यात ते वापरणाराचाही वाटा असतो, असे प्रतिपादिले आहे. एप्रिल १९२५ मध्ये फोर्ड कंपनीने मागे पोलादी हौदा बसविलेली 'मॉडेल टी' २८१ डॉलर किमतीस विक्रीस आणली. शेतकऱ्याने हातोडी-करवतीने जे आधीच साधले होते, त्यास कारखान्याने दिलेली ही मान्यताच म्हणावयास हरकत नाही.

या वाहनाच्या दीर्घायुष्याचे पहिले कारण त्याच्या रचनेत आहे. परस्परांच्या जागी बसू शकणारे सुटे भाग हा मोठ्या प्रमाणावरील उत्पादनाचा पाया होता. एका वाहनाचा भाग दुसऱ्यास चालत असे. त्यामुळे निकामी झालेले वाहन हे चालू वाहनाचे कोठार बनले. 'मॉडेल टी'चे उत्पादन १९२७ पर्यंत चालले आणि दीड कोटींहून अधिक मोटारी निघाल्या. एवढ्या संख्येमुळे सुट्या भागांचा स्वतंत्र व्यापार उभा राहिला. सीअर्स रोबक यांसारख्या टपालमार्गे विक्री करणाऱ्या पेढ्यांच्या सूचिपत्रांत मोटारीचे भाग झळकू लागले. शिकागोतील इझ्राएल वॉर्शॉव्स्की यांनी १९१५ मध्ये सुरू केलेल्या भंगाराच्या धंद्यातून पुढे जे. सी. व्हिटनी या नावाने असाच व्यापार विस्तारला. खेड्यातील शेतकरी शहरातील मिस्त्रीवर सर्वस्वी अवलंबून राहिला नाही, तो या व्यवस्थेमुळे.

दुसरे कारण आर्थिक ओढगस्तीचे होते. १९२९ नंतरच्या मंदीत नवे वाहन घेणे अनेकांच्या आवाक्याबाहेर गेले. १९४२ च्या आरंभी युद्धामुळे नागरी मोटारींचे उत्पादन थांबले. त्याच वर्षी भंगार गोळा करण्याच्या देशव्यापी मोहिमांत असंख्य जुनी वाहने वितळविण्यासाठी गेली. परंतु जी चालती होती, ती चालती ठेवणे हे मालकाचे कर्तव्यच ठरले. अशा रीतीने एकाच काळाने एकीकडे जुन्या वाहनांचा संहार केला आणि दुसरीकडे ती जगविण्याचे कौशल्य सर्वत्र पसरविले.

युद्धोत्तर काळातील शेव्हरोलेटचा ट्रक या संदर्भात विशेष अभ्यसनीय आहे. १९४७ च्या उन्हाळ्यात बाजारात आलेली त्याची गोलसर केबिन किरकोळ फेरफारांसह १९५५ च्या आरंभापर्यंत कायम राहिली. म्हणून आजही एका वर्षाच्या ट्रकचे दार दुसऱ्या वर्षाच्या ट्रकला पुष्कळदा बसते. त्यातील सहा सिलिंडरच्या इंजिनाचा वंश १९२९ पासूनचा. त्या मूळ इंजिनाचे बोल्ट घरातील शेगडीच्या बोल्टांसारखे दिसत, म्हणून लोकांनी त्यास 'स्टोव्हबोल्ट' असे नाव दिले. हौद्याची जमीन लाकडी फळ्यांची, आणि फळ्यांच्या सांध्यांवर पोलादी पट्ट्या. साधी हत्यारे व थोडा सराव एवढ्या भांडवलावर ज्याची दुरुस्ती करता येईल, असे हे यंत्र होते.

अल्प खर्चातील जीर्णोद्धाराचा क्रम या रचनेतूनच ठरतो. अनुभवी माणूस रंगाकडे प्रथम वळत नाही. सांगाड्याचा पोलाद कोठे खाल्ला गेला आहे, केबिनचे खालचे कोपरे व पायाखालचा पत्रा कितपत गंजला आहे, हे तो आधी पाहतो; कारण गंज काढून पत्रा जोडण्याचे काम यांत्रिक दुरुस्तीपेक्षा महाग पडते. त्यानंतर ब्रेक, पाणी थंड ठेवण्याची व्यवस्था, इंधनाची टाकी आणि जुन्या सहा व्होल्टच्या तारा यांची पाळी येते. शोभेचे काम शेवटी. भाग शक्यतो त्याच जातीच्या मोडीत निघालेल्या ट्रकमधून मिळवावयाचे, असा शिरस्ता आहे. वाहनाच्या कष्टाच्या काळात शेतकरी जे करीत असे, तेच काटकसरीने दुरुस्ती करणारा आज करतो; त्यांच्या व्यवहारात खंड पडलेला नाही.

मात्र येथेच खरा वाद उद्भवतो. १९५३ पर्यंतच्या शेव्हरोलेट पिकअपमधील २१६ घनइंची इंजिनात दांड्यांचे बेअरिंग बॅबिट नावाचा मिश्रधातू ओतून केलेले असे, आणि त्यांना तेल मिळे ते मुख्यतः उडविलेल्या तुषारांतून. असे बेअरिंग ओतणारे कारागीर आता दुर्मीळ झाले आहेत. उलट १९५४ पासून या ट्रकमध्ये आलेल्या २३५ घनइंची इंजिनात सुटी बदलती बेअरिंगे असून तेल दाबाने पोहोचते. हे इंजिन जुन्या ट्रकमध्ये अल्प फेरफाराने बसते. काटकसर व उपयुक्तता ही दोन्ही या बदलास अनुकूल. परंतु मूळ इंजिन भंगारात गेले की एका तंत्राचा पुरावा नष्ट होतो.

ऑस्ट्रियन कलेतिहासकार आलॉइस रीगल यांनी १९०३ मध्ये पुरातन स्मारकांविषयी लिहिताना वय-मूल्य, ऐतिहासिक मूल्य आणि उपयोग-मूल्य यांत भेद केला होता. वय-मूल्य झीज जशीच्या तशी राहू द्यावी म्हणते. उपयोग-मूल्य ती भरून काढावी म्हणते. १९६४ च्या व्हेनिस सनदेने, जीर्णोद्धार तर्काच्या सीमेवर थांबला पाहिजे आणि प्रत्येक कालखंडाच्या अस्सल भरीचा मान राखला गेला पाहिजे, असे तत्त्व मांडले. ही तत्त्वे वास्तूंसाठी होती, पण त्यांची कसोटी पिकअप ट्रकला नेमकी लागू पडते. दारावर हाताने रंगविलेले शेताचे नाव, हौद्याच्या कडेला दोराने पडलेली खाच, गावच्या लोहाराने मारलेले ओबडधोबड ठिगळ, एकावर एक चढलेले रंगाचे थर : हा सर्व त्या वाहनाचा दप्तरखाना आहे. पत्रा वाळूच्या माऱ्याने उघडा करून त्यावर आरशासारखा रंग चढविला, की वाहन सुंदर दिसते आणि दप्तर जळून जाते. देवळांच्या जीर्णोद्धारात शिलालेखांवर चुन्याचे व तैलरंगाचे थर चढलेले ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हा प्रकार अपरिचित वाटणार नाही.

यावर असा आक्षेप येईल की, सतत दुरुस्त होत राहणे हाच ज्या वाहनाचा स्वभाव, त्यास एका अवस्थेत गोठविणे हेदेखील इतिहासाशी विसंगत नव्हे काय? आक्षेप योग्य आहे. निकामी ब्रेक केवळ जुने म्हणून ठेवून वाहन रस्त्यावर आणता येणार नाही. म्हणून भेद करावयाचा तो दुरुस्ती व पुसून टाकणे यांत. दुरुस्ती नवा थर चढविते. पुसणे सर्व थर नाहीसे करते. नवे इंजिन बसवावे, परंतु जुने जपून ठेवावे. गंजलेला कोपरा जोडावा, परंतु शेजारचा धड रंग खरवडू नये. काय बदलले, केव्हा व का, याची नोंदवही राखावी. या तीनही गोष्टींना फारसा खर्च नाही. ज्याच्याजवळ पैसा थोडा असतो, तो गरज नसलेल्या भागास सहसा हात लावीत नाही. त्यामुळे संपूर्ण नूतनीकरण करणाऱ्या श्रीमंत संग्राहकापेक्षा तो नकळत अधिक पुरावा शिल्लक ठेवतो.

या विषयाचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडी येथे शेव्हरोलेट वाहनांची जुळणी सुरू केली व १९५४ मध्ये ती थांबविली. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने क्रायस्लर कंपनीशी करार करून कुर्ला येथे १९४७ पासून मोटारींची जुळणी केली, आणि तिच्या फार्गो ट्रकचे नाव महाराष्ट्रातील जुन्या चालकांच्या व मिस्त्रींच्या तोंडी होते. ही वाहने ज्यांनी चालती ठेवली, त्यांच्या ज्ञानाची नोंद दप्तरांत क्वचितच आढळेल; ती वाहनांच्याच अंगावर, जोडांत व ठिगळांत असण्याचा संभव अधिक. म्हणून पुढील जीर्णोद्धारापूर्वी वाहन कोणीतरी नीट वाचले पाहिजे. गंज थांबविता येतो. खरवडून टाकलेला रंग मात्र पुन्हा वाचता येत नाही.