मुसळ की येरझाऱ्या?

बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी शिक्षकांसमोर बोलण्याचा योग आला होता. विषय होता शरीरातील संप्रेरके. व्याख्यान संपल्यावर चहाच्या वेळी एक शिक्षिका जवळ आल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, एक विचारू का? आमच्या शाळेतल्या पोरींच्या आया ऊसतोडीला जातात. नववा महिना लागला तरी मोळ्या उचलतात आणि कोपीतच बाळंत होतात. शहरातल्या बायका मात्र जपून जपून राहतात आणि शेवटी सिझेरियन. कामाने अंग मोकळे झाले की बाळंतपण सोपे जाते, हे खरे ना?"

मी 'अर्धे खरे' असे काहीतरी गुळमुळीत उत्तर दिले. परतीच्या प्रवासात ते माझे मलाच पटेना. कोणते अर्धे खरे आणि कोणते नाही, हे मी सांगितलेच नव्हते. हा लेख म्हणजे त्या उत्तराची दुरुस्ती आहे.

पहिली गोष्ट म्हणजे हा प्रश्न फार जुना आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानातील आठव्या अध्यायात तो जवळजवळ याच रूपात येतो. प्रसंग असा आहे: बाईला कळा सुरू झाल्या आहेत, पण ती मोकळी होत नाही. अशा वेळी काही वैद्य सांगतात की तिला उठवावे, हातात मुसळ द्यावे, धान्याने भरलेल्या उखळात पुन्हा पुन्हा कांडायला लावावे, मधूनमधून जांभया द्यायला आणि येरझाऱ्या घालायला सांगावे. ग्रंथकार हे मत नोंदवतो आणि लगेच आत्रेयांचे उत्तर देतो. ते उत्तर नकाराचे आहे. गर्भिणीने जड श्रम नेहमीच टाळायचे असतात, मग प्रसूतीच्या ऐन वेळी तर विशेषच. त्या वेळी तिचे सारे शरीर हलून गेलेले असते. मुसळाच्या श्रमाने खवळलेला वायू तिचा जीव घेऊ शकेल, आणि अशा अवस्थेत तिच्यावर उपचार करणेही कठीण. म्हणून मुसळ वर्ज्य. जांभई आणि चालणे मात्र करावे.

गंमत पहा, याच अध्यायात सूतिकागृहाच्या सामानाची जी यादी आहे तिच्यात उखळ-मुसळही आहे! म्हणजे ही चाल त्या काळी चांगलीच रुळलेली असणार. वायू खवळण्याचे स्पष्टीकरण आज आपण स्वीकारणार नाही. पण युक्तिवादाची पद्धत लक्षात घेण्याजोगी आहे. 'परंपरेने चालत आले आहे' म्हणून सगळेच मान्य केलेले नाही आणि सगळेच झिडकारलेलेही नाही. एका चालीचे तीन तुकडे केले, एक टाकला, दोन ठेवले. जांभईचे सोडून देऊ. चालणे आणि कांडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ओळखणे महत्त्वाचे होते. वेणा आलेल्या नसताना बाईने जोर करू नये, तो जोर वाया जातो, असेही तिथे बजावलेले आहे. आजच्या प्रसूतिगृहातील परिचारिका हेच सांगते.

त्याच अध्यायात नवव्या महिन्यातील तयारीही आहे. मधुर गणातल्या औषधींनी सिद्ध केलेल्या तेलाचा बस्ती द्यावा आणि त्याच तेलात भिजवलेला कापसाचा बोळा, म्हणजे पिचू, योनिमार्गात ठेवावा. हेतू असा की मार्ग स्निग्ध व्हावा, कंबर आणि कुशी मऊ व्हाव्यात, मलमूत्र सहज सुटावे आणि प्रसूती वेळेवर व सुखाने व्हावी. या उपायांच्या आयुर्वेद महाविद्यालयांतून लहान लहान चाचण्या झाल्या आहेत. पण प्रसूतिमार्गात काहीही ठेवायचे म्हणजे जंतूंचा प्रश्न आला. ग्रंथकाराला जंतू ठाऊक नव्हते, आपल्याला ठाऊक आहेत. घरच्या घरी करण्याचा हा उपाय नव्हे.

हे प्राचीन प्रसूतिशास्त्र आधुनिक वैद्यकासमोर मांडणारी एक मराठी मुलगी होती. आनंदीबाई जोशी यांनी १८८६ साली फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयात पदवीसाठी जो प्रबंध लिहिला, त्याचा विषय 'आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र' हा होता. त्या स्वतः चौदाव्या वर्षी आई झाल्या होत्या. ते मूल दहा दिवस जगले. चौदाव्या वर्षी मुलीच्या कमरेचे हाड, म्हणजे श्रोणी, पूर्ण वाढलेले नसते. उंची वाढणे थांबल्यावरही काही काळ ते रुंदावत असते. तेलाने किंवा व्यायामाने ही कमतरता भरून निघत नाही. ही केवळ एकोणिसाव्या शतकातली गोष्ट समजू नये. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीड जिल्ह्यातील विशीतल्या (२० ते २४ वर्षांच्या) दर दहा स्त्रियांपैकी चाराहून अधिक जणींचे लग्न अठरा वर्षांच्या आत झालेले आढळले. बाळंतपण सोपे जावे यासाठी सगळ्यात आधी करण्याची 'नैसर्गिक' तयारी कोणती, असे मला विचाराल तर मी वय असेच सांगेन.

आता एरंडेलाकडे वळू. दिवस भरले आणि कळा येत नाहीत, की सुईण एरंडेल पाजायची. हा उपाय अडाणी म्हणून हसण्याजोगा नाही. ब्रिटनमधील रुग्णालयांतही विसाव्या शतकात बराच काळ एरंडेल, गरम पाण्याची आंघोळ आणि एनिमा अशी त्रिसूत्री चालत असे. या तीन शब्दांची इंग्रजी आद्याक्षरे 'ओ.बी.ई.' अशी होतात. हा तिकडचा एक राजमान्य किताब असल्याने परिचारिकांची त्यावरून थट्टाही चाले. १९५९ साली तिथल्या वैद्यकीय नियतकालिकात या त्रिसूत्रीचा गर्भाशयावर काय परिणाम होतो, याचे प्रत्यक्ष मोजमाप प्रसिद्ध झाले. आपल्याकडे सुश्रुतानेही प्रसूतीच्या आरंभी तेल लावून ऊन पाण्याने न्हाऊ घालणे आणि पोटभर पेज पाजणे सांगितले आहेच.

एरंडेलाचे कोडे मात्र २०१२ साली सुटले. जर्मनीतील संशोधकांनी दाखवले की एरंडेलातून आतड्यात सुटणारे रिसिनोलेइक आम्ल पेशींवरच्या ईपी-३ नावाच्या ग्राहीवर जाऊन बसते. हा ग्राही मुळात प्रोस्टाग्लँडिन या द्रव्यासाठी असतो. तो आतड्याच्या स्नायूंतही आहे आणि गर्भाशयाच्या स्नायूंतही. ज्या उंदरांमध्ये हा ग्राही जनुकीय बदलाने काढून टाकला होता, त्यांना एरंडेल पाजूनही जुलाब झाले नाहीत आणि त्यांच्या गर्भाशयावरही परिणाम दिसला नाही. म्हणजे सुईणीच्या बाटलीत खरोखर काहीतरी होते. ते नुसते एरंडाचे गुऱ्हाळ नव्हते.

पण यंत्रणा सापडली म्हणजे उपाय उपयोगी ठरला, असे होत नाही. थायलंड-म्यानमार सीमेवरील निर्वासितांच्या दवाखान्यांत चाळीस आठवडे उलटलेल्या ६१२ स्त्रियांच्या नोंदी तपासल्या गेल्या. त्यांपैकी २०५ जणींना एरंडेल दिलेले होते. प्रसूतीला लागलेल्या वेळात फरक आढळला नाही. काही लहान चाचण्यांत फरक दिसतो, पण एक परिणाम जवळजवळ सर्वत्र दिसतो, तो म्हणजे मळमळ. उलट्या-जुलाबांनी थकलेली, अंगातले पाणी कमी झालेली बाई कळा सोसायला दुबळीच होते. जिथे पिण्याच्या पाण्यासाठी विहीर गाठावी लागते अशा फडावर तर हा प्रयोग नकोच.

खरी तयारी शरीर आपली आपण करत असते. गर्भाशयाचे तोंड नऊ महिने घट्ट मिटलेले असते, ते कोलॅजन नावाच्या प्रथिनाच्या दोरखंडांसारख्या तंतूंमुळे. शेवटच्या आठवड्यांत हे तंतू सैल होतात, त्यांच्यामध्ये पाणी शिरते आणि ते तोंड मऊ होऊन आखूड होऊ लागते. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना शिकवताना सांगतात: आधी ते बोटाला नाकाच्या शेंड्यासारखे लागते, पिकल्यावर ओठासारखे. वर्गात सांगायला ही उपमा चांगली आहे; प्रत्येकाला ती आपल्याच चेहऱ्यावर तपासता येते. याच सुमारास गर्भाशयाच्या स्नायूंवर ऑक्सिटोसिनचे ग्राही वाढतात आणि स्नायुपेशींमध्ये परस्परांना जोडणारी दारे तयार होतात. त्यामुळे एकीकडे उठलेली कळ सगळीकडे पसरते. ही दारे तयार नसतील तर बाहेरून कितीही ढोसले तरी गर्भाशय एकदिलाने आकुंचन पावत नाही. मुसळ आणि एरंडेल या दोघांची मर्यादा इथेच आहे.

मग चालण्याचे काय? आत्रेयांनी ठेवलेला हा तुकडा आधुनिक परीक्षेत उतरला. पाच हजारांहून अधिक स्त्रियांवरील २५ चाचण्यांचा एकत्रित आढावा २०१३ साली प्रसिद्ध झाला. कळांच्या पहिल्या टप्प्यात चालत्या-फिरत्या किंवा उभ्या-बसत्या राहिलेल्या स्त्रियांचा हा टप्पा पलंगावर पडून राहिलेल्या स्त्रियांपेक्षा सरासरी १ तास २२ मिनिटांनी कमी भरला, आणि त्यांच्यात सिझेरियनही कमी झाली. उकिडवे बसल्यावर श्रोणीचा खालचा मार्ग थोडा रुंदावतो, हेही एमआरआय चित्रांत दिसले आहे. शिक्षिकाबाईंच्या म्हणण्यातले खरे अर्धे ते हेच. फडातली बाई चालती असते, उकिडवी बसू शकते, तिचे स्नायू काटक असतात. शहरातल्या बाईला पहिल्या कळेबरोबर पलंगावर आडवे करण्यात आपण तिचे काही भले करत नाही.

आता उरलेले अर्धे. माझी आजी केज तालुक्यातली. "जात्यावर बसले होते, उठले आणि मोकळी झाले," असे ती अभिमानाने सांगे. मी एकदा विचारले, बाळ केवढे होते? तिने दोन्ही तळहात जोडून दाखवले. तिच्या सात मुलांपैकी चार जगली.

सोप्या बाळंतपणाची एक वाट लहान बाळातून जाते. हे माणसाने अनेक ठिकाणी स्वतंत्रपणे ओळखले आहे. आपल्याकडे शेवटच्या महिन्यांत 'पोट फार भरू नको, बाळ मोठे होईल, अडशील' असे सासू सांगते. जर्मनीत लुडविग प्रोचोव्हनिक या डॉक्टरने १८८९ साली अरुंद श्रोणी असलेल्या स्त्रियांसाठी शेवटच्या आठवड्यांत कमी खाण्याचा आहारच आखून दिला होता. सिझेरियन जिवावर बेतत असे तेव्हा यामागे हिशेब तरी होता. कामाचाही परिणाम त्याच दिशेने होतो. जड श्रमात रक्त स्नायूंकडे आणि उन्हात त्वचेकडे वळते. खाल्लेले कामातच खर्च झाले, तर बाळाला उरते थोडे.

पुण्याजवळच्या सहा गावांतील सुमारे आठशे गरोदर स्त्रियांच्या घरकामाची आणि शेतकामाची मोजदाद करून त्यांच्या बाळांची मापे घेतली गेली. हा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. जिच्यावर कामाचा बोजा अधिक, तिच्या बाळाचे वजन, डोक्याचा घेर आणि दंडाचा घेर सरासरीने कमी आढळले. त्यामुळे 'ती सहज मोकळी झाली' हे वाक्य ऐकले की मी आता पुढचा प्रश्न विचारते: बाळाचे वजन किती? अडीच किलोच्या खालच्या बाळाला न्यूमोनियाचा, थंडीचा, मृत्यूचा धोका अधिक, आणि जगल्यावर मोठेपणी मधुमेहाचा धोकाही अधिक. आईने वाचवलेल्या कळांची किंमत बाळ मोजते. शिवाय आपल्यापर्यंत पोचतात त्या सहज सुटलेल्या बायकांच्या कथा. अडलेल्या बाईची कथा सांगायला पुष्कळदा तीच उरत नाही.

बीडमध्ये हा प्रश्न ऋतूला बांधलेला आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर इथून ऊसतोडीला जाणाऱ्यांची संख्या वाढत गेली. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात, त्या गुढीपाडव्याच्या आगेमागे परततात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो आणि मुकादमाकडून उचलही त्या जोडीच्या नावे घेतलेली असते. म्हणून बाईने काम सोडले तर कोयताच मोडतो, खाडा पडतो. माघात दिवस भरणारी बाई मोळी उचलते ती अंग मोकळे व्हावे म्हणून नव्हे. तिच्या या श्रमाला 'नैसर्गिक तयारी' म्हणणे म्हणजे उचलीचा हिशेब निसर्गाच्या खात्यावर मांडणे.

जिल्ह्याच्या सीमेला लागून असलेल्या जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० साली काम सुरू केले. तिथल्या गावोगावच्या आरोग्य कार्यकर्त्या बहुतेक निरक्षर स्त्रियाच होत्या. गरोदर बाईने काय खावे, बाळंतपण स्वच्छ कसे करावे, केव्हा थांबायचे नाही आणि गाडी काढायची, हे त्यांनी शिकून घेतले आणि शिकवले. सुईणीचे अनुभवाचे ज्ञान वाया न घालवता त्यातले मुसळ तेवढे काढून टाकता येते, हे तिथे दिसले.

हे सारे मी त्या शिक्षिकाबाईंना पत्राने कळवले. महिन्याभराने त्यांचे उत्तर आले. त्यांनी नववीच्या मुलींना आपले जन्माच्या वेळचे वजन आईला विचारून यायला सांगितले होते. दवाखान्यात जन्मलेल्या मुलींनी कार्डावरचे आकडे आणले. फडावर जन्मलेल्या मुलींच्या वहीत ती जागा कोरीच राहिली. कोपीत काटा होता तो उसाचा ट्रक भरल्यावर कारखान्यावर लागणारा, असे एका मुलीच्या आईने सांगितल्याचे त्यांनी लिहिले होते.